फोल्डरात राहिलेलं वाक्य

मला लापशी आवडत नाही. लहानपणी आवडत नव्हती, सासरी आल्यावर आवडली नाही, आणि सहासष्टाव्या वर्षी मेंदूत गुठळी अडकून माझी वाचा गेली, तेव्हा वाचेबरोबर ही नावडही गेली असेल असं समजायचं काही कारण नव्हतं. तरी गेले अकरा महिने दर गुरुवारी माझी नणंद मंदाकिनी स्टीलच्या डब्यातून लापशी आणत होती. मी तिला दर वेळी तोंडावर सांगायची, वन्सं, नको, गिळवत नाही. तरी पुढच्या गुरुवारी डबा हजर. बाई किती कोडगी आहे, असं मी मनात म्हणायची आणि खायची.

एका गुरुवारी वन्संनी मी खात असतानाचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्या गेल्यावर मी चष्मा लावून तो बघितला. व्हिडिओत मी एक चमचा तोंडात घातला, तोंड वाकडं केलं आणि माझ्या छातीवरच्या डबीतून माझाच आवाज आला, "छान झालीय, वन्सं. अजून वाढा."

मी तो चार वेळा बघितला. लापशीचं काही नव्हतं. मला अकरा महिन्यांपूर्वीचं एक दुसरंच वाक्य आठवलं होतं.

पण आधी या डबीबद्दल सांगायला हवं. मी विजयमाला देवकर. विट्याला स्टँडच्या मागे आमचं घर. त्याच्या पुढच्या खोलीत मी तीस वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. आजही बँकेत गेले तर चार खिडक्यांपैकी तीन खिडक्यांतून "मॅडम, बसा" येतं. अशा बाईची बोलती बंद झाली म्हटल्यावर गाव हळहळलं, आणि माझी खात्री आहे, काहींनी सुटकेचा श्वासही सोडला असेल.

माझं दुखणं असं की काय म्हणायचंय ते डोक्यात लख्ख असतं, पण शब्द ओठांपर्यंत येताना वाटेत सांडतात. लिहायला घेतलं तर बोटांपर्यंत येतानाही सांडतात. त्यावर आता 'वैखरी' निघाली आहे. कवटीच्या आत टपाल तिकिटाएवढी एक जाळी बसवतात. बोलायचा विचार केला की मेंदूत जी वीज सळसळते, ती ही जाळी टिपते. कानामागची चकती त्यावरून उच्चार ओळखते. पण हे उच्चार तुटक येतात. एखादा 'म', एखादा 'च', मध्ये बरंच रिकामं. ती रिकामी जागा यंत्र अंदाजाने भरतं. समोर कोण आहे, त्याने काय विचारलं, अशा वेळी माणसं साधारणपणे काय म्हणतात, आपण पूर्वी काय म्हणालो, हे सगळं धरून ते सगळ्यात संभाव्य वाक्य निवडतं आणि डबीतून बोलतं. आवाज माझाच. क्लासच्या जुन्या व्हिडिओंतून त्यांनी तो उचलला. कुणी प्रेमाने लापशी वाढली की माणसं "छान झालीय" म्हणतात, तेव्हा यंत्राचा अंदाज तसा काही वावगा नव्हता.

आता तुम्ही विचाराल, बाई, कान तर शाबूत होते ना? होते. पण माणूस स्वतःचा आवाज खरं तर ऐकतच नाही. बोलताना मेंदू आपल्या आवाजापुरते कान मंद करतो, कारण काय बोलणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. आवाज आपला असला आणि ठरल्या क्षणी आला, की तो तपासायच्या भानगडीत पडत नाही, आपल्याला हवं होतं तेच बोललो असं धरून चालतो. म्हणून मला दर गुरुवारी "गिळवत नाही" ऐकू यायचं. व्हिडिओतून परक्यासारखं ऐकलं, तेव्हा कुठे खरं कळलं.

हा मजकूरही मी वैखरीवरच, लिहिण्यापुरता तिचा अंदाज चालू ठेवून, लिहिते आहे. पण यातलं प्रत्येक वाक्य मी कच्च्याशी ताडून पाहिलंय. दिवसाला चार ओळी होतात. कच्चं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

तर ते दुसरं वाक्य. माझी मुलगी केतकी नाशिकला एका लॅबमध्ये काम करते. ती या घरात नऊ वर्षं नीट बोललेली नव्हती, आणि त्याचं कारण मी होते.

ती बावीस वर्षांची असताना तिने घरच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर लपवून ठेवला होता. नाव 'प्रॅक्टिकल'. कसा लपवायचा ते मीच क्लासात शिकवलं होतं, आणि लपवलेलं कसं दिसतं करायचं तेही मलाच येत होतं. मी ते केलं. आत तासगावच्या एका मुलाची पत्रं होती. चांगली पत्रं होती, हे आज म्हणते. त्या दिवशी मी चौदा पानं छापली आणि तिच्या बापापुढे आणि चुलत्यापुढे ठेवली. चुलते चार माणसं घेऊन तासगावला जाऊन आले. मुलाच्या घरच्यांनी त्याला महिन्याभरात सुरतेला धाडलं आणि तिथेच त्याचं लग्न लावून दिलं.

केतकी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई, त्या भिंतीवर काय लिहिलंयस?"

भिंतीवर माझ्या क्लासची पाटी होती. लाल अक्षरांत, ऑइलपेंटने: 'लपवलेल्या फोल्डरला हात लावू नये.' ती लावायला कारण घडलं होतं. फार वर्षांपूर्वी रमीज मुलाणी नावाच्या एका विद्यार्थ्याला गाण्यांसाठी जागा कमी पडली. त्याने लपवलेले फोल्डर उघडे केले, हे काय फालतू भरून ठेवलंय म्हणत सिस्टिमचा अख्खा फोल्डर उडवला आणि मशीन जागच्या जागी गार झालं. त्याला मी आठवडाभर क्लासबाहेर बसवलं आणि पाटी रंगवून घेतली. त्यानंतर जो येईल त्याला पहिल्या दिवशी ती पाटी मोठ्याने वाचायला लावायची. मशीनमध्ये काही गोष्टी तुमच्या भल्यासाठीच लपवलेल्या असतात, त्या बघायच्या नाहीत. हे मी तीस वर्षं सांगितलं, आणि स्वतःच्या पोरीच्या बाबतीत मीच ते पाळलं नाही.

नऊ वर्षांत मी तिची माफी मागितली नाही. का, तर ताठा. दुसरं काही नाव नाही त्याला.

मग मला झटका आला. वैखरी बसवल्यावर तिसऱ्या दिवशी केतकी हॉस्पिटलात आली. कॉटपाशी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आई, तुला मला काही सांगायचंय का?" मी सगळा जीव एकवटला आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी तो फोल्डर उघडायला नको होता. माझं चुकलं." केतकी उठून पाठमोरी खिडकीशी गेली. "बरं," म्हणाली, आणि दुपारच्या गाडीने नाशिकला परत गेली. तेव्हापासून रविवारी फोन करायची, औषध घेतलं का विचारायची आणि ठेवायची. मला संताप यायचा. एवढी मी माफी मागितली, अन् हिला मन मोठं करता येत नाही!

लापशीचा व्हिडिओ मी चार वेळा का बघितला, ते आता कळलं असेल.

त्या रविवारी केतकीचा फोन आला तेव्हा माझा जुना फोन मी शेजारी आवाज टिपायला लावून ठेवला. हॉस्पिटलात मी काय म्हणाले होते, एवढं विचारायला मला तीन खेपा लागल्या.

"तुला आठवत नाही?" ती म्हणाली. "'झालं गेलं विसरून जा, बाळा.' असं म्हणालीस. केलंस तू आणि विसरायचं मी."

मी घाईघाईने म्हणाले, नाही गं, मी माफी मागितली होती, केतके, माझं चुकलं.

मग ती म्हणाली, "परत तेच? आई, नको फोन करत जाऊ आपण." आणि फोन बंद झाला.

मी जुना फोन कानाला लावला. माझा आवाज अगदी मायेने म्हणत होता, "झालं गेलं विसरून जा, बाळा. तू सुखी राहा." मी जन्मात तिला बाळा म्हटलेलं नाही. ती मला केतकी, आणि रागात केतके.

वन्सं आदल्या दिवशीच डबा घेऊन माझ्याकडे राहायला आल्या होत्या, त्या शेजारीच होत्या. मी त्यांना टेप पुन्हा पुन्हा ऐकवली, छातीवरच्या डबीकडे बोट केलं, मान हलवली, कपाळावर हात मारला. मग लापशीचा व्हिडिओ लावला आणि माझ्या वाकड्या तोंडावर बोट ठेवलं. वन्संचं शिक्षण चौथी, पण त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं.

"म्हंजी तुमी म्हनता येक आन् ह्ये बोलतंय येक?"

मी मान डोलावली.

"आन् अकरा म्हैनं तुमास्नी लापशी..." डब्याचं झाकण त्यांनी घट्ट लावलं. मला फार वाईट वाटलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्ये. पर येक इचारू का, वैनी? नऊ वर्सं ही डबी न्हवती, तवा कुटं गेलती तुमची जीभ?"

प्रश्न रास्त होता. पण उशिरा मागितलेली का होईना, ती माफी माझी होती. मधल्या मध्ये ती उचलून तिच्या जागी दुसरं वाक्य ठेवायचा हक्क या डबीला मी दिला नव्हता. मी ठरवलं, ते वाक्य शोधून काढायचं. तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलाय मी. यंत्र काहीही करो, त्याची नोंद ते कुठेतरी ठेवतंच.

सोमवारी कंपनीचा इंजिनिअर आला. सांगली, सातारा दोन्ही जिल्ह्यांच्या वैखऱ्या तोच बघतो. रमीज मुलाणी. हो, तोच, गाण्यांसाठी मशीन गार करणारा. आता कानाशी केस पांढरे झालेत.

मी म्हणाले, रमीज, यातला लपवलेला फोल्डर उघड. डबी (हे नंतर फोल्डरात वाचलं) म्हणाली, "ये रमीज, बस. चहा घे."

तो बसला. मी मांडीवर हात आपटला. शेवटी वन्संनीच त्याला व्हिडिओ दाखवला, टेप ऐकवली आणि सगळं सांगितलं. रमीजने मान खाली घातली. त्याला हे नवीन नव्हतं, हे मी त्या मानेवरून ओळखलं.

"फोल्डर हाय, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्यापास्नं काय लपवू. पहिल्या दिवसापासून तुमचं प्रत्येक वाक्य त्यात हाय, दोन ओळीत. वरच्या ओळीत 'कच्चं', म्हणजे जाळीनं खरंच काय टिपलं ते. खाली 'बोललेलं'. आणि अंदाज किती करायचा त्याची पट्टी पण त्यातच. सगळ्यांची ऐंशीवर ठेवलेली असते. पण ह्ये पेशंटला दाखवायचं न्हाई."

का, असं मी हातानेच विचारलं.

"सुरुवातीला चाळीस पेशंटवर चाचणी घेतली होती. निम्म्यांना कच्चं दिसेल असं ठेवलं. आपण बोलतोय त्ये आपलं का मशीनचं, ह्याचीच त्यांना शंका बसली. आता बघा, जिना उतरताना पायाकडं बघत बसलं की पाय अडखळतो. तसं झालं. शंका आली की मेंदूतल्या खुणा विस्कटतात. खुणा विस्कटल्या की मशीनला आणखी कमी कळतं. सात जण पार मुके झाले, मॅडम. पुन्हा बोलले न्हाईत." तो पाणी प्यायला. "जे बघून माणसाला तरास हुणार, त्ये कशाला बघायचं? कंपनीचा नियम नंतर आला. मला त्यो आधी तुमीच शिकवलाय."

आणि त्याने भिंतीकडे बघितलं. आम्ही क्लासच्याच खोलीत बसलो होतो. पाटी अजून तिथेच होती.

काय सांगू, मला हसू आलं आणि लाजही वाटली. माझा सगळ्यात द्वाड विद्यार्थी, आणि माझा धडा त्याच्याइतका कुणी पाठ केला नाही.

"नगा बघू, वैनी," वन्सं म्हणाल्या. "आता दोन शब्द तरी निगत्यात. त्ये बी गेलं तर?"

वन्संचं खरं होतं. रमीजचंही खरं होतं. डबी बंद पडली तर उरलेलं आयुष्य मी खुणा करत काढणार, हे मला समोर दिसत होतं. पण आमच्या यांची आठवण झाली. विट्याच्या निम्म्या घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात परमुलखात असतात, तसे हे कोइमतूरला होते. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, गाळायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. हे सुट्टीला घरी आले तरी झाडलेला केर बघितल्याशिवाय मला टाकू द्यायचे नाहीत. मी चिडायची. म्हणायचे, "अगं, टाकायचंच असलं तरी बघून टाकावं."

मी रमीजला म्हणाले, उघड. तो जागचा हलला नाही. डबी म्हणाली होती, "बरं, तुला जमेल तसं कर."

मग मी कानामागची चकती काढली आणि टेबलावर ठेवली. आता मी खरोखरच मुकी होते. काठी घेऊन उठले, भिंतीपाशी गेले. उजव्या हातात जोर नाही, म्हणून डाव्या हाताने पाटी खिळ्यावरून वर ढकलली. दोनदा निसटली. रमीज धरायला उठला, त्याला मी डोळ्यांनीच खाली बसवलं. तिसऱ्यांदा निघाली. पाठीमागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. ती पाटी पोटाशी धरून मी रमीजपाशी आले आणि त्याच्या मांडीवर पालथी ठेवली.

त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग बॅगेतून लॅपटॉप काढला.

"पेशंटनं लई धरलंच तर ह्यासाठी फॉर्म असतो. बंद पडलं तर कंपनी जबाबदार न्हाई, असा. पण संमती आवाजात घ्यायची असती, मॅडम. ह्याच डबीतनं." त्याचं त्यालाच ओशाळं झालं. "न्हाईतर अंगठा."

माझ्या क्लासात कधी अंगठा चालला नाही. साठीच्या बायकांनासुद्धा सही येईपर्यंत मी सर्टिफिकेट दिलं नाही. मी डावा अंगठा पुढे केला. वन्संनी त्याला शाई लावली.

फोल्डर उघडला. हजारो ओळी होत्या. कच्चं आणि बोललेलं, एकाखाली एक.

कच्चं: न... गिळ... न. बोललेलं: छान झालीय, वन्सं.

कच्चं: हात... लाव... नको. बोललेलं: डॉक्टर, आता बरं वाटतंय.

नगरपालिकेचा सदस्य भेटायला आला होता, त्याला मी जे म्हणाले होते ते कच्चंही इथे लिहिण्यासारखं नाही. डबीने त्याला "येत जा" म्हटलं होतं. मग तो येतच राहिला. रमीज ओठ दाबून हसला आणि वन्संना वाचून दाखवावं लागलं.

मग तो पहिल्या आठवड्यात गेला. हॉस्पिटल, तिसरा दिवस, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

कच्चं: माझं चु... मी फो... डर... उघड... नको... माझं चु. खात्री एकतीस टक्के.

बोललेलं: झालं गेलं विसरून जा, बाळा. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

शेजारी एक बारीक रकाना होता. वाक्य का बदललं, त्याचं कारण तिथे यंत्र लिहून ठेवतं. तिथे लिहिलं होतं: 'आईने मुलीची माफी मागणे, विरळ.'

मी तो रकाना पुन्हा वाचला. यंत्राला हे कुणी शिकवलं? कुणी वैऱ्याने नाही. लाखो घरांतलं बोलणं ऐकून ते शिकलं. आमच्या घरी नऊ वर्षं कुणी ऐकत बसलं असतं तर त्यालाही तेच दिसलं असतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

वन्संनी पदराने माझे डोळे पुसले. रमीज हळूच म्हणाला, "मॅडम, एवढी एकच ओळ केतकीताईला पाठवतो. काम झालं."

मी मान हलवली, नाही. हात पसरून दाखवलं, सगळं.

"सगळा फोल्डर? अहो, ह्यात..." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यात ताईंबद्दल बी हाय. बरं न्हाई लिव्हलेलं."

मला ठाऊक होतं. कोडगी. दगडाच्या काळजाची. बापाला शेवटचं पाणी पाजायला आली नाही ती. अकरा महिने तिने फोन ठेवल्यावर एकटी बसून ओकलेलं सगळं कच्च्यात होतं. पण तिची चौदा पानं मी निवडून छापली नव्हती, होती तेवढी सगळी छापली होती. मग माझं मी निवडून द्यायचं? मी पुन्हा हात पसरले. रमीजने फोल्डर पाठवला. सोबत काय लिहू विचारलं, तेव्हा मी काही नको म्हणून खूण केली.

जायच्या आधी मी त्याला पट्टी शून्यावर आणायला लावली. आता डबी अंदाज करणार नव्हती. जाळीने टिपलं तेवढंच बोलणार होती.

पहिले तीन दिवस काहीच बोलली नाही. रमीजचे सात जण मला रोज आठवत होते. चौथ्या दिवशी मी वेळ ठरवून बसायला लागले, सकाळी दहा ते बारा, माझ्या क्लासची पहिली बॅच असायची ती वेळ. समोर वन्सं. मी एकच शब्द धरून बसायची. डबीतून नुसती खरखर यायची. वन्सं म्हणायच्या, "फुडं." पुन्हा खरखर. "फुडं." इतकी चिवट विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती, आणि इतकी चिवट मास्तरीणही. सहाव्या दिवशी डबी म्हणाली, "च." नवव्या दिवशी, "चा." वन्सं धावत जाऊन चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघींनी तो अर्धा अर्धा घेतला. बाराव्या दिवशी मी "वन्सं" म्हणाले. पुढे "गोड नको" म्हणायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून ते राहू दिलं.

तोवर केतकीचा फोन नाही, उत्तर नाही. रविवार दोन गेले. तिने ते सगळं वाचलं असेल आणि आता ती कधीच येणार नाही, असं मी धरून चालले. तरी दहा ते बारा बसणं मी सोडलं नाही. ती आली नाही तरी ते वाक्य मला तोंडाने म्हणता यायला हवं होतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. केतकी आत आली. चपला काढल्या, वन्संच्या पाया पडली, माझ्या नाही. तिची नजर भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनावर गेली.

"पाटी कुठाय?"

"तुज्या आईनं काडली," वन्सं म्हणाल्या. "स्वताच्या हातानं."

केतकी माझ्यासमोर वन्संच्या जागी बसली. पर्समधून फोन काढून मांडीवर ठेवला.

"रमीजदादांनी फोल्डर पाठवला. मी विचारलं तेव्हा, आईचं आतलं बोलणं आहे, एवढंच म्हणाले. मी उघडलेला नाही."

तिने पडद्यावरचा बंद फोल्डर मला दाखवला.

"तू दिलास म्हणून उघडायला हरकत नव्हती, माहिताय मला. सतरा दिवस रोज बोट ठेवायची आणि काढायची. पण असं कुणाच्या आतलं वाचून मला काही कळून घ्यायचं नाही, आई. तुझंसुद्धा नाही. तू तोंडाने सांग. मी तेव्हाही तेच विचारलं होतं." तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "तुला मला काही सांगायचंय का?"

वन्सं हळूच उठून दारापाशी गेल्या, पण बाहेर गेल्या नाहीत.

मी काठी बाजूला ठेवली. डबीतून खरखर आली. केतकीने मान वर केली नाही, घाईही केली नाही. समोरच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

"म," डबी म्हणाली. मग काहीच नाही. माझ्या कपाळाला घाम आला. "मा. झं."

केतकी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"चु." पुन्हा खरखर. मी डोळे मिटले आणि हॉस्पिटलातला तो स्टूल, ती खिडकी, पाठमोरी केतकी डोळ्यांपुढे आणली. "चुक. लं."

तेवढ्याला नऊ मिनिटं लागली होती. मी थांबले नाही. "फो. ल्डर. न. को. ह. ता." 'होता' म्हणायचं होतं, जाळीला तेवढंच सापडलं. "केत. के. मा. झं. चुक. लं."

अंदाज नव्हता, माया नव्हती, बाळा नव्हतं. तुटलेल्या खापरांसारखे शब्द खोलीभर पडले होते. पण सगळे माझे होते.

केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिने खुर्ची पुढे ओढली. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले. माझा उजवा, जोर नसलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हणाले.